अकरा पावलांची ओळ

हे कपाट आधी नीट बघून घ्या. सागवानी आहे, पाच फळ्यांचं, आणि त्याला दारं नाहीत. दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांच्या खुणा दिसतायत ना? म्हणजे दारं होती, ती कुणीतरी काढली. का काढली आणि कुठं गेली, ते ऐकायला तुम्हाला माझ्याबरोबर मागच्या विहिरीपर्यंत यावं लागेल. नाही नाही, चपला राहू द्या पायात. हे वाचनालय आहे, देऊळ नाही. आमच्या गावानं एकदा त्याचं देऊळ करून पाहिलं होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी मंदा फडतरे. भोरखड्याच्या ह्या वाचनालयाची नववी ग्रंथपाल. आधीच्या आठांची नावं भिंतीवर आहेत, पण त्यातलं एकच तुम्ही ध्यानात ठेवा, पहिलं. शिदोजी गुरव. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. आणि अण्णांचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून त्यांना थोर समजू नका. चूक त्यांची होती, ती त्यांनी स्वतःच चारचौघांपुढं कबूल केली, आणि नाव मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे विसरायला होणार नाही, असं तेच सांगून गेले म्हणे.

या, इकडून या. पायरी जपून.

ही विहीर. आणि विहिरीपासून खाली गेलेली ही उतरण, हिला धाव म्हणायचं. मोटेचे दिवस तुमच्यापैकी कुणी पाहिले नसतील. चामड्याची भली मोठी मोट विहिरीत सोडायची, तिचा दोर बैलांना जोडलेला. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट भरून वर येणार, पाणी पाटात पडणार. मग बैल उलट्या पावली वर यायचे, पुन्हा खाली जायचे. दिवसभर हेच. आणि मोट हाकणारा माणूस दिवसभर गायचा. गाण्याशिवाय बैल पाऊल टाकत नसत, असं सांगतात.

ह्या विहिरीवर हैबती माळी नावाचा माणूस मोट हाकायचा. त्याच्या गाण्यात सगळं गाव होतं म्हणे. विहीर कुणी खणली, पहिला दगड कुणी बसवला, कुठल्या दुष्काळात कोण गाव सोडून गेलं आणि कोण परत आलं, सगळं. गावात दुसरी कुठली बखर नव्हती. बायका धुणं धुताना त्याच्यामागं म्हणायच्या, रानात माणसं म्हणायची. प्रत्येकाचे शब्द थोडे वेगळे. हैबतीला त्याचं काही वाटायचं नाही. उलट एखादीनं नवीन शब्द घातला आणि तो बरा वाटला, तर दुसऱ्या दिवशी हैबती स्वतःच तो गाण्यात घ्यायचा.

पण एक ओळ तो सगळ्यांपुढं म्हणत नसे. पहाटे फटफटताना, पहिल्या मोटेला, धावेवर दुसरं कुणी नसताना म्हणायचा. ती त्याच्या बायकोची ओळ. तानूबाई तिचं नाव. विहीर आटली त्या साली गाळ काढायला ती आत उतरली होती आणि दरड अंगावर आली. लेक हौसा तेव्हा पाळण्यात. तानूबाईचा दगड नाही, देव्हाऱ्यात टाक नाही, कुठल्या कागदावर नाव नाही. ती होऊन गेली ह्याला पुरावा काय, तर नवऱ्याच्या गाण्यातली एक ओळ.

आता अण्णा गुरवांचं बघा. तो माणूस वाईट नव्हता, हे मी तुम्हाला आधीच सांगते. गावात लिहितावाचता येणारा तोच. देवळाच्या ओवरीत त्यानं वाचनालय काढलं, ही इमारत नंतरची. पुस्तकं कमी होती, तर दर गुरुवारी वाचून दाखवायचा, आणि ऐकायला ओवरी भरायची. त्याच्याच मनात आलं की हैबतीचं गाणं लिहून ठेवावं. दोन महिने तो धावेवर बसला, बैलांबरोबर खालीवर चालला आणि सगळं गाणं वहीत उतरवून घेतलं. अक्षर तर काय, मोत्याचे दाणे. शेवटी हैबती म्हणाला, अजून एक ओळ राहिली. ती त्यानं हलक्या आवाजात सांगितली आणि वर म्हणाला,

"ही गावासाठी न्हाई अण्णा, माज्या हौसासाठी. मी गेल्यावर तिला ऐकवायची. वचन द्या."

अण्णांनी वचन दिलं. हैबतीचा हात हातात घेऊन दिलं, असं सांगतात.

इथून पुढं जे झालं ते फक्त पुस्तकवाल्यांच्या हातूनच होऊ शकतं. मी स्वतः त्यातलीच, म्हणून बोलते. वही तयार झाली आणि अण्णांचा जीव तिच्यात अडकला. हे कपाट खास तिच्यासाठी करून घेतलं, दारांचं, कुलपाचं. वहीला गुंडाळायला लाल आलवणाचं बासन शिवलं. आणि मग त्यांना एक नवीन खोड लागली. कुणी पाणवठ्यावर गाणं म्हणू लागलं की अण्णा थांबायचे आणि सांगायचे, "असं नाही ते. वहीत वेगळं आहे." बाई बिचारी वरमायची. दुसऱ्यांदा म्हणताना अडखळायची, तिसऱ्यांदा म्हणायचीच नाही. गड्यांचंही तेच. आपलं चुकतंय, खरं गाणं कपाटात आहे, हे एकदा डोक्यात बसलं की तोंड कोण उघडणार? वर्ष-दोन वर्षांत गाव गप्प झालं. एकटा हैबती गात राहिला, कारण त्याला टोकायची अण्णांची छाती नव्हती. मग हैबतीही गेला.

बापाच्या दिवसांना हौसा आली. लग्न करून तिला चार गावं पलीकडं दिलं होतं. बाप गुणगुणायचा ती चाल तिला लहानपणापासून येत होती, पण शब्द कधी नीट कानावर पडले नव्हते, कारण त्या ओळीला बापाचा गळा दाटून यायचा. आईचं नाव त्यात आहे एवढंच तिला ठाऊक. तिला आईचा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत नाही. बापानं तिच्या आईबद्दल काय म्हटलंय, तेवढंच तिला हवं होतं. ती ओवरीत आली आणि म्हणाली, अण्णा, माझी ओळ ऐकवा.

अण्णांनी बासनाला हात लावला म्हणे, आणि मग काढून घेतला. कुणी मोठे अधिकारी वही बघायला यायचे होते. तोवर ती उघडायची नाही, पानं मळतील, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या खेपेला नक्की, म्हणाले. हौसा गेली. अधिकारी काही आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा श्रावण चालू होता. हवा दमट, ओलसर हवेत कपाट उघडलं तर कागद बुरशी धरतो, असं अण्णांनी तिला समजावलं. चांगलं प्रेमानं समजावलं, चहापाणी केलं. हौसाला लिहायवाचायला येत नव्हतं. एवढा शहाणा माणूस सांगतोय तर तसंच असेल, असं म्हणून ती उठली.

तिसऱ्या वर्षी ती दसऱ्याला आली. त्या दिवशी वही सरस्वतीच्या पूजेत मांडलेली. बासनावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडत नाहीत, हे तुम्हालाही माहीत असेल. अण्णांनी तेच सांगितलं. आणि वचन तर वहीनं दिलं नव्हतं, अण्णांनी दिलं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पण ह्या वेळेला हौसा गेली नाही. ओवरीच्या पायरीवर बसून राहिली. भांडली नाही, रडली नाही. दिवस मावळला तशी भावकीत जाऊन झोपली आणि सकाळी परत पायरीवर हजर. दसऱ्याचा दुसरा दिवस तो. आता पूजा उठली होती. अण्णांकडं सांगायला काही उरलं नव्हतं. त्यांनी बासन घेतलं, गाठ सोडली, पुठ्ठा उघडला.

आत माती होती.

कपाटाच्या मागच्या भिंतीतून वाळवी आली होती. बासन शाबूत, पुठ्ठा शाबूत, पुठ्ठ्यावरचं नक्षीचं नाव शाबूत, आणि मधली पानं सगळी खाल्लेली. तीन वर्षं बासनाची गाठ सुटली नव्हती, मग कळणार कसं? पूजा केली ती मातीची केली. अण्णा ते हातात धरून उभे राहिले. हौसा म्हणाली, निदान तोंडानं सांगा, तुम्हीच लिवली होती ना? आणि अण्णांना एक शब्द आठवेना. स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ! लिहिली होती म्हणूनच आठवेना. कागदावर आहे म्हटल्यावर मनात ठेवायची गरज त्यांना कधी वाटलीच नव्हती.

हौसानं ती माती बघितली आणि एवढंच बोलली:

"मला वही नको हुती अण्णा. मला नुसतं ऐकायचं हुतं."

ती गेली. आणि अण्णांची झोप गेली, अन्न गेलं. हा भाग सांगताना आमच्या आधीच्या ग्रंथपाल थांबायच्या, मीही थांबते. पाणी घ्या कुणाला हवं तर.

तर मग अण्णांनी कपाटाची दारं उखडली आणि किल्ली ह्या विहिरीत टाकली. नवी वही घेऊन ते घरोघर हिंडले. गाणं आठवतं तेवढं सांगा, म्हणून हात जोडले. लोक काय म्हणाले असतील? "आम्हाला नीट येत न्हाई अण्णा, चुकंल." ज्याला त्याला हीच भीती, आणि ती अण्णांनीच घातलेली. ते म्हणायचे, चुकू द्या. मी लिहून घेतो, तोंडातून हूं की चूं काढत नाही. हळूहळू लोक बोलू लागले. कुणाकडं अर्धी ओळ, कुणाकडं नुसता शेवट, एकाच ओळीचे चार घरांत चार प्रकार. अण्णांनी चारही लिहिले. गाणं पुष्कळसं परत आलं. तानूबाईची ओळ मात्र आली नाही, कारण ती गावानं ऐकलेलीच नव्हती.

तेव्हा अण्णा चालत हौसाच्या सासरी गेले. तिच्या दारात, सासरच्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी सांगितलं की हिच्या बापाला दिलेलं वचन मी मोडलं, हिच्या आईची ओळ माझ्यामुळं गेली.  हौसा माफ केलं असं म्हणाली नाही. ह्या गोष्टीत माफी नाही, तुम्ही शोधू नका. पण ती त्यांच्याबरोबर आली.

हैबतीचा हरण्या नावाचा बैल अजून जिवंत होता. म्हातारा, मोटेचं काम सुटलेला, ह्या चिंचेखाली बांधलेला असायचा. हौसा विहिरीपाशी आली, बापाच्या जागी उभी राहिली आणि तिला येत होती तेवढी ती चाल गुणगुणू लागली. शब्द नाहीत, नुसती चाल. आणि असं सांगतात की हरण्या उठला. दावं सोडलं तसा धावेवर आला. जू नाही, दोर नाही, मोट नाही, आणि तो मोट ओढल्यासारखा खाली चालू लागला. अण्णा त्याच्या बरोबरीनं चालत पावलं मोजू लागले. अकराव्या पावलाला बैल थांबला.

धाव अजून कितीतरी बाकी होती. पण तो जागचा हलेना. पुन्हा वर नेला, हौसानं पुन्हा चाल धरली, पुन्हा अकरा पावलं आणि पुन्हा तिथंच. तेव्हा लोकांना उमगलं. रोज पहाटे ह्याच ठिकाणी हैबतीच्या तोंडी बायकोचं नाव यायचं आणि त्याचा आवाज तुटायचा. गाणं थांबलं की बैल थांबणार. मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबत राहायची, आणि हैबती डोळे पुसून पुढची ओळ धरेपर्यंत हरण्या उभा राहायचा. शब्द माणसांनी घालवले होते, पण नाव कुठं येतं ते बैलाला पाठ होतं.

हौसा त्या जागी जाऊन बसली. बैलाच्या पायाशी जमिनीवर हात ठेवून म्हणाली, "आई." तिनं आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द कुणाला तरी उद्देशून म्हटला असेल.

ही फळी दिसते ना, मधोमध जमिनीत पुरलेली? ती तीच जागा. कपाटाचं एक दार अण्णांनी इथं पुरलं. खोटं कशाला बोलू, मूळची फळी कधीच कुजली, ही तिसरी आहे. दुसऱ्या दाराचा बाक केला, तो विहिरीच्या काठाला. ज्याला वाचता येत नाही, त्यानं त्या बाकावर येऊन बसायचं आणि ग्रंथपालानं हातातलं काम टाकून त्याला आधी वाचून दाखवायचं. हे हौसाचं मागणं होतं. अण्णा मरेपर्यंत ते पाळत राहिले.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं सगळं गाव जमतं. पूजेतली पुस्तकं उचलून आधी वाचून दाखवतात. मग हैबतीचं गाणं होतं, ज्याला जसं येईल तसं. हल्ली पोरंपोरी पेटी घेऊन येतात, कुणी पुण्यातून नवीनच चाल घेऊन येतं. त्या दिवशी कुणी कुणाची चूक काढायची नाही, आणि ग्रंथपालानं तर तोंडच उघडायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. अशा वह्या मघाच्या कपाटात भरल्यात. हात लावा, उघडा, फाटल्या तर चिकटवू. शेवटी सगळे गप्प होतात आणि ग्रंथपाल ह्या धावेवरून खाली चालत जातो. अकरा पावलं, एक शब्द नाही. तीच ती ओळ. अकराव्या पावलाला, फळीवर तो थांबला की सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "तानूबाई."

गोष्ट म्हणून एवढीच आहे. पाहुण्यांना मी इथंच थांबवते एरवी. पण तुम्ही मघापासून माझ्या तोंडाकडं बघताय, आणि अण्णांची चूक एवढं तोंड भरून सांगितल्यावर स्वतःची गिळून टाकणं मला जमत नाही.

आमच्याकडं कलाबाई वाघमोडे म्हणून एक म्हाताऱ्या बाई यायच्या. वाचता येत नव्हतं. रोज दुपारी त्या बाकावर बसायच्या आणि मी वाचायचे. एक जाडजूड कादंबरी चालली होती, जत्रेत हरवलेल्या मुलीला शोधत निघालेल्या आईची. निम्म्याच्या वर झाली होती. तेवढ्यात वाचनालयाची तपासणी निघाली आणि सगळ्या पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचा मागं लकडा लागला. मावशी आल्या. म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी आल्या. म्हटलं, मावशी, उद्या. तिसऱ्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "बरं बाई, वाचू नगं. पोरगी घावती का न्हाई, तेवढं तरी सांग." मी मान वर न करता म्हणाले, उद्या सांगते.

चौथ्या दिवशी त्या वारल्याचा निरोप आला.

एक शब्द होता हो. अण्णांना निदान ओळ आठवत नव्हती. मला तर शेवट पाठ होता.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी धावेवरून उतरते. अकराव्या पावलाला थांबते, गाव तानूबाईचं नाव घेतं. मग मी आणखी एक पाऊल टाकते. मंदाबाईंची मोजणी चुकते, असं गावाला वाटतं. पण त्या दिवशी कुणी कुणाची चूक काढायची नाही, म्हणून कुणी बोलत नाही. आणि त्या बाराव्या पावलावर मी मनातल्या मनात म्हणते, घावते मावशी. पोरगी घावते.